आत्यांची डावी नाकपुडी

माझ्या सासूबाईंचं नाक अकरा वर्षं थेंबांवर चालत होतं, आणि त्याच घराच्या पुढच्या खोलीत मी औषधांचं दुकान चालवत होते. हे सांगताना मला आजही लाज वाटते, पण लाजेपेक्षा संताप जास्त येतो. तो नेमका कुणावर, ते अजून पुरतं ठरलेलं नाही.

माझं माहेर केजचं. डी. फार्म. झाले त्याच वर्षी लग्न झालं आणि मी युसूफ वडगावला आले. सासरचं रस्त्याला लागून किराणा दुकान होतं. दुसऱ्या वर्षी दोन गाळ्यांपैकी एक रिकामा करून मला मेडिकल टाकून दिलं. मधे नुसती प्लायवूडची भिंत आणि तिच्यात एक हातभर खिडकी. पलीकडं नवरा गूळ-मिरची तोलतो, इकडं मी गोळ्या देते. मागं राहतं घर. सासूला मी आत्या म्हणते, आमच्या भागात तशीच रीत आहे.

नाक मोकळं करणारे हे थेंब म्हणजे बोटभर उंचीची प्लास्टिकची बाटली. डोकं मागं करून दोन थेंब टाकले की दोन-तीन मिनिटांत नाक उघडतं, माणूस खूश. आणि गोम तिथंच आहे. नाकाच्या आतली सुजलेली कातडी ते थेंब आवळून धरतात. पाच-सात दिवसांच्या वर रोज टाकत गेलं की थेंबांचा असर उतरल्यावर ती कातडी पहिल्यापेक्षा जास्त फुगते. मग पुन्हा थेंब. सर्दी केव्हाच निघून गेलेली असते, थेंब तेवढे राहतात. हे सगळं त्या खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. तो कागद उलगडलेला माणूस मला गावात अजून भेटायचा आहे.

म्हणून मी काउंटरवर कडक होते. दसऱ्याच्या पुढं-मागं ऊसतोडीला निघणारी जोडपी औषधं भरून न्यायला येतात. अंगदुखीच्या गोळ्या, मलम, जुलाबाचं औषध, आणि थेंबांच्या सहा-सहा बाटल्या. मी एक द्यायची आणि वर पाच मिनिटं भाषण द्यायची. एक बाई मात्र तशी ऐकणारी नव्हती. तिनं माझं बोलणं शांतपणे संपू दिलं आणि म्हणाली, "ताई, तितं पाचटाची धूळ दिवसभर नाकात जाती. मेडिकल चार कोसावर. एका बाटलीत माझं काय व्हतंय?" मी तिला दोन दिल्या आणि मिठाच्या पाण्याच्या थेंबांची एक जास्तीची पुढं केली. ती तिनं तशीच काउंटरवर ठेवली आणि गेली. त्या दिवशी जेवताना मी हे सगळं घरात सांगितलं. लोकांना कितीही समजावा, काही उपयोग नाही, असं बरंच बोलले. आत्या समोरच बसल्या होत्या. माझ्या ताटात भाकरी वाढत त्यांनी होकारार्थी मान हलवली.

आत्यांना बीपीचा त्रास होता. गोळी चालू होती तरी आकडा खाली येत नव्हता. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा गोळी वाढवली. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं की आणखी काही औषध चालू आहे का, सर्दीचं, दुखण्याचं, काहीही. आत्या म्हणाल्या, काही न्हाई. आणि शेजारच्या स्टुलावर बसलेली मी, मोठ्या तोऱ्यात सांगून मोकळी झाले की यांचं औषध माझ्याच हातून जातं, दुसरं काहीही नाही.

मग ती दुपार आली. उन्हाळा होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी नुकतीच जेवून दुकानात येऊन बसले होते. आतल्या दारातून आत्या आल्या त्या पदर नाकाशी धरून, खोकत, डोळ्यांतून पाणी वाहतंय अशा. पदरावर डाग पसरत होता. आधी मला वाटलं, बीपी वाढून नाकातून रक्त आलं. जवळ गेले तर डाग पिवळट, आणि शिवणयंत्राच्या तेलाचा वास. आत्यांना बोलता येत नव्हतं. त्या नुसत्या मागच्या खोलीकडं बोट दाखवत होत्या.

मी त्यांना पुढं वाकवलं, एकेक नाकपुडी दाबून शिंकरायला लावलं, कपाटातल्या मिठाच्या पाण्याच्या दोन बाटल्या फोडून नाक धुतलं. खिडकीतून नवऱ्याला हाक मारली. तो आला, आईकडं बघितलं, मग तिच्या खोलीत जाऊन शिवणयंत्रापाशी उभा राहिला. मी काही विचारायच्या आत तो तिथूनच म्हणाला, "आई, तेलाची बाटली ती डावीकडची होती ना?"

तेव्हा मला कळलं की त्याला ठाऊक आहे.

यंत्राच्या फळीवर दोन बाटल्या होत्या. दोन्ही नाकाच्या थेंबांच्या, एकाच कंपनीच्या, एकीत थेंब आणि एकीत तेल. रिकाम्या बाटलीचं तोंड बारीक असतं, यंत्राच्या भोकांत तेल सोडायला अगदी नामी. आत्यांना काहीच टाकून द्यायला जिवावर येतं. खालचा खण ओढला तर आत रिकाम्या बाटल्या खडखडल्या, एखादी दुसरी नाही, खणभर.

गावातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, तेल आत उतरलेलं दिसत नाही म्हणाले, दोन दिवस खोकल्यावर लक्ष ठेवा म्हणाले. त्यांच्याशी नजर मिळवायचं मी टाळलं.

घरी आल्यावर मी किराण्यात गेले आणि नवऱ्याला विचारलं, किती दिवसांपासून हे चाललंय. तो म्हणाला, दिवस काय विचारतेस, तू जेवायला आत गेलीस की आई खिडकीशी येऊन मागते, मी पलीकडं जाऊन देतो. पैसेही तो इमानदारीनं माझ्याच गल्ल्यात टाकत होता, म्हणून मला कधी वावगं काही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, मला एका शब्दानं का नाही सांगितलं. तो मिरचीच्या पोत्याचं तोंड बांधत होता. बांधता बांधता म्हणाला, "सांगितलं असतं तर तू दिली असती का?"

नसती दिली. पण एवढं सरळ उत्तर त्याच्याकडं तयार होतं याचाच मला जास्त राग आला. मी शिकले, परवाना माझ्या नावावर, तो काचेत घालून भिंतीवर लावलाय, आणि माझ्याच कपाटातलं औषध माझ्या जेवणाच्या वेळेला चोरवाटेनं घरात जातंय.

चार दिवसांनी आम्ही दोघी जीपनं केजला आणि तिथून एस.टी.नं अंबाजोगाईला गेलो, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं. डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, थेंब किती दिवसांपासून टाकता. आत्या म्हणाल्या, सर्दी झाली की टाकते कधीमधी. मी नुसतं "आत्या" म्हटलं. मग त्या खाली बघत म्हणाल्या, थोरली नात झाली तवापासून. डॉक्टरांनी विचारलं, नात कितवीत आहे. मी म्हटलं, सहावीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं की मी काय करते. मी सांगितलं, मेडिकल आहे. ते पेन उचलून लिहायला लागले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी सांगितलेली रीत अशी. सगळं एकदम बंद करायचं नाही, आत्यांना ते झेपणार नाही. आधी डाव्या नाकपुडीत थेंब बंद, उजव्या नाकपुडीत सध्या चालू. दोन्हीकडं रोज स्टेरॉइडचा फवारा आणि दिवसातून तीन-चारदा मिठाचं पाणी. फवारा लगेच काम करत नाही, दहा-पंधरा दिवस धीर धरायचा. डावी नाकपुडी आपोआप उघडी राहायला लागली की मग उजवीकडचे थेंब सोडायचे. बीपी न उतरण्यालाही हे थेंब कारण असू शकतात, म्हणाले. परतीच्या एस.टी.त आत्या केज आल्यावर एवढंच म्हणाल्या की नुसतं टॉर्च लावून बघायला इतक्या लांब कशाला यायचं.

पहिला आठवडा घरात कुणालाच सुखाचा गेला नाही. आत्यांची डावी नाकपुडी बंद म्हणजे बंद. दिवसभर सूं-सूं. जेवणाला चव न्हाई म्हणून ताट सरकवायचं. फवारा द्यायला गेले की त्या डोकं मागं टाकायच्या आणि इतक्या जोरात ओढायच्या की सगळं औषध घशात, मग कडू लागलं म्हणून मलाच बोल. हनुवटी खाली, फवाऱ्याचं तोंड कानाच्या बाजूला, श्वास हळू. हे मी रोज सकाळी सांगायची आणि रोज सकाळी त्या नव्यानं ऐकल्यासारखं करायच्या.

त्यात सल्ले देणारे. लातूरची नणंद दिवसातून दोनदा फोन करायची. ओव्याची पुरचुंडी हुंगायला दे, बाम लाव, निलगिरी घाल, कुणीतरी सांगितलंय मोहरीचं तेल नाकात सोडायचं. तेल हा शब्द ऐकून मी तिला म्हटलं की तुमच्या आईच्या नाकात एकदा तेल जाऊन आलंय, आता पुरे. ती दुखावली. वाफ द्यायला माझी ना नव्हती, पण आत्यांना वाफेनं कोंडल्यासारखं व्हायचं, त्या दोन मिनिटांत टॉवेल फेकायच्या. नवरा खिडकीतून डोकावून म्हणायचा, आजच्या दिवस दे डावीकडं, उद्यापासून बंद करू. थेंबांच्या सगळ्या बाटल्या मी कुलपाच्या कपाटात, झोपेच्या गोळ्यांशेजारी ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली. उजवीकडचा वाटा मी मोजून हातानं टाकायची.

सहाव्या दिवशी आत्या अचानक शांत झाल्या. दोन भाकरी खाल्ल्या. सूं-सूं बंद. सातव्या दिवशीही तेच. मला वाटलं, जिंकले. नणंदेला फोन करून सांगितलंसुद्धा की बघा, ओवा न लावता नाक उघडलं.

आठव्या दिवशी बसस्टँडजवळच्या दुसऱ्या मेडिकलवाले दुकानात आले. कुणाकडं एखादं औषध संपलं तर आम्ही एकमेकांकडून नेतो, त्यासाठी ते आले होते. जाता जाता सहज म्हणाले, तुमच्याकडं नाकाचे थेंब संपलेत का, आत्या परवा माझ्याकडून घेऊन गेल्या. त्यांच्या मनात काही खोट नव्हती. मी म्हटलं, हो, संपले होते.

ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि आत गेले. आत्या कॉटवर पडल्या होत्या. मी बरंच बोलले. अंबाजोगाईची फेरी काढली, डॉक्टरांपुढं गेलेली लाज काढली, सगळ्या गावाला मी नको सांगते आणि माझ्या घरची माणसं स्टँडवर जाऊन आणतात हेही बोलले. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून बसल्या आणि भिंतीकडं बघत बोलल्या.

"नाक कोंडलं की जीव घाबरा व्हतो बाई. हितं मी एकली. तुमी दोघं पुढं. दोन-दोन दुकानं हायेत, पन हाक मारली तर येकाला बी ऐकू येत न्हाई. थेंब टाकला की दम येतोय. तू पाच दिवस, सात दिवस सांगती. मला तेवढा दम धरवत न्हाई."

मामा, म्हणजे माझे सासरे, गेले ते याच खोलीत, याच कॉटवर, दुपारी, दम लागून. थोरली तेव्हा तीन महिन्यांची होती, तिला घेऊन मी माहेरी होते. आत्या धुणं घेऊन मागच्या अंगणात, नवरा किराण्यात. आठवडी बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मामांनी हाका मारल्या असतील किंवा नसतीलही. आत्या वाळत घालून आत आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांना वर्ष सांगताना त्यांनी नातीचा जन्म धरला होता. त्याच वर्षात दुसरंही काही घडलं होतं, ते मला एस.टी.त शेजारी बसूनही सुचलं नव्हतं.

माझा राग त्यानं गेला असं नाही. त्या धडधडीत खोटं बोलल्या होत्या, त्याचा राग होताच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नवऱ्यानं मिळून शिवणयंत्र उचललं आणि मेडिकलमध्ये आणलं. काउंटर आणि भिंत यांच्यामधल्या जागेत ते जेमतेम बसलं. शेजारी खुर्ची. आत्यांना म्हटलं, आता दिवसभर इथं बसायचं, माझ्यासमोर. नाक कोंडलं तर मी आहे, आणि थेंब टाकावेसे वाटले तरी मी आहे. त्यांनी आणलेली बाटली मागून घेतली. डाव्या नाकपुडीचे दिवस पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

पुढचे दहा-बारा दिवस त्या खरोखर कासावीस झाल्या. श्वास तोंडानं घ्यायच्या, यंत्राचं चाक धरून बसायच्या. गिऱ्हाइकाकडं पाठ करून मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मनातल्या मनात त्या थेंबांना, नवऱ्याला, लातूरच्या नणंदेला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या द्यायची. मिठाचं पाणी, फवारा, हनुवटी खाली. मिठाचं पाणी, फवारा, हनुवटी खाली.

मग एका सकाळी त्या यंत्रावरून मान वर करून म्हणाल्या, काहीतरी खवट वास येतोय. मला काही येत नव्हता. त्या उठल्या, खिडकीतून डोकं घालून किराण्याकडं वास घेतला आणि लेकाला म्हणाल्या की तुझं खोबरं खराब झालंय. तो म्हणाला, परवाच भरलंय. आत्यांनी त्याला तळातलं पोतं उघडायला लावलं. खोबरं खवट निघालं. सगळं पोतं बाजूला काढावं लागलं आणि तो दिवसभर तोंड पाडून बसला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

डावी उघडली होती. आत्यांनी मात्र ते कधी कबूल केलं नाही. डावीला तसं काही झालंच नव्हतं, खोड उजवीचीच होती, असं त्या अजूनही सांगतात. उजवीला चार महिने लागले. मधे पावसाळ्यात खरीखुरी सर्दी झाली, तेव्हा त्यांनी तीन दिवस किल्लीसाठी माझ्याशी भांडण केलं आणि एक दिवस मीच हरून दोन थेंब टाकले. गावातल्या डॉक्टरांनी बीपीची वाढवलेली गोळी पुन्हा कमी केली. कसं काय उतरलं म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

आता आत्या दुकानातच बसतात. अकरा वर्षांचा राहिलेला वास त्या एकदम घेतात. गुटखा खाऊन आलेल्याला बाहेर थुंकून यायला सांगतात. माझ्या खोकल्याच्या औषधांच्या कपाटाला वास येतो, अगरबत्ती हलकी आणलीय, नवऱ्याचा शर्ट दोन दिवस धुतलेला नाही, हे गिऱ्हाइकासमोर बोलतात. मला एकेकदा वाटतं, बंद होतं तेच बरं होतं.

गेल्या आठवड्यात एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीत थेंब लिहिलेले, पाच दिवसांसाठी. मी बाटली काढेपर्यंत आत्यांनी त्याला खुर्चीवरून आपल्या नाकाची सगळी हकीकत सांगितली, तेल, अंबाजोगाई, उजवी, सगळं. मी वळले तर काउंटरपुढं कुणी नाही. बाटली घेऊन मला त्याच्या मागं रस्त्यावर पळावं लागलं.

परत आले आणि म्हटलं, "आत्या, त्याला डॉक्टरांनी पाचच दिवसांचे दिलेत. तेवढे घेतले तर काही होत नाही."

"मला बी पाचच दिवसाचे दिलते," त्या म्हणाल्या. सुईत दोरा ओवत होत्या.

मी विचारलं, कुणी दिले होते.

"तूच की. तुजे मामा गेल्यावर रडून रडून नाक बंद झालतं. तू माहेरून आलीस अन् कपाटातनं काढून दिले. पाच दिवस टाका म्हनलीस."

मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं. नवऱ्याला विचारलं, तोही आठवत नाही म्हणाला, पण आई म्हणते तर असेल. असेलच. दिले असतील आणि सहाव्या दिवशी काय झालं ते विचारलं नसेल.

आत्यांचं नाक सुटल्यापासून मी थेंबांच्या प्रत्येक खोक्यावर पेनानं मोठ्या अक्षरात दिवस लिहून देते. त्या माणसाच्याही खोक्यावर लिहिले होते. तो रस्त्यात उभा असताना मागून आत्यांनी दारातून ओरडून सांगितलं होतं की सहाव्या दिवशी बाटली आणून दाखवायची. त्यानं मान हलवली. आज आठवा दिवस. तो आलेला नाही, आणि आत्या सकाळपासून तीनदा त्याचं घर कुठलं म्हणून मला विचारतायत.